हाजींच्या पेटीतला स्टोव्ह

विमानाने हजला जायची सोय सर्रास होण्याआधी कोकणातला हाजी महिन्या-दोन महिन्यांचा संसार पत्र्याच्या पेटीत भरून निघायचा. इहरामची कापडं, तांदूळ, डाळ, चहापत्ती, लोणच्याची बरणी आणि एक पितळी स्टोव्ह. हजच्या इतिहासात जहाजांची नावं येतात, प्रवाशांचे आकडे येतात. स्टोव्ह मात्र कुठेच येत नाही. मला वाटतं, गरीब माणसाच्या हजची गोष्ट त्याच्याशिवाय अर्धीच राहते.

आमच्या इन्सुलीशेजारी बांद्याला एका घराच्या माळ्यावर असा स्टोव्ह निघाला. छोटी टाकी, सुटे होणारे तीन पाय, आटे फिरवून निघणारा बर्नर, आणि हे सगळं बसेल एवढा पत्र्याचा डबा. घरच्यांना तो घासून शोकेसमध्ये ठेवायचा होता. मी म्हटलं, आधी पेटतो का ते बघू.

ही जात मूळची स्वीडनची. 1892 च्या सुमारास फ्रान्स लिंडक्विस्ट या कारागिराने बिनवातीचा, काजळी न धरणारा स्टोव्ह बनवला आणि तो ‘प्रायमस’ नावाने जगभर गेला. युक्ती साधी आहे. पंपाने टाकीत हवा भरायची, ती हवा घासलेटला वर ढकलते. तापलेल्या बर्नरमध्ये घासलेटची वाफ होते, निपलच्या बारीक भोकातून ती जोरात सुटते आणि हवेत मिसळून निळी जळते. म्हणूनच आधी स्पिरिटने बर्नर तापवावा लागतो. 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या आमुंडसेनकडे प्रायमसच होता. 1897 मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघालेले आंद्रे आणि त्यांचे दोन साथी परतलेच नाहीत. 1930 मध्ये बर्फातल्या बेटावर त्यांचा मुक्काम सापडला, तेव्हा तिथला प्रायमस चालू स्थितीत होता.

तेहतीस वर्षं बर्फात राहून जो टिकतो, तो कोकणातल्या माळ्यावर का टिकणार नाही? टिकतो, पण चामडं आणि रबर टिकत नाही. पंपाचा दांडा ओढला तर हवा भरतच नव्हती. दांड्याच्या टोकाची चामड्याची वाटी वाळून कडक झाली होती. ती रात्रभर तेलात भिजवली. पंपाच्या तळाशी एक बारीक झडप असते. ती हवा आत जाऊ देते, पण घासलेटला पंपात येऊ देत नाही. तिच्यातलं रबर दगड झालं होतं, ते नवं कापून बसवलं. पितळ आमसुलाच्या पाण्याने घासलं. मग पंप मारून टाकी बादलीभर पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते पाहायला. ही पायरी कुणी गाळू नये. गळक्या टाकीला काडी लावणं म्हणजे आगीला आवतण.

खरी गोष्ट बर्नरच्या आट्यांत होती. तिथे शिशाची वॉशर लागते. ती नव्हतीच. तिच्या जागी सुताचा दोरा गुंडाळून वर साबण थापलेला होता, सुकून चुन्यासारखा झालेला. घासलेटची गळती थांबवायचा हा जुना तात्पुरता उपाय. आपल्याकडे गावोगावी स्टोव्ह दुरुस्त करणारे असत, त्यांत कल्हईवाल्यांसारखेच मुसलमान कारागीर पुष्कळ, आणि सुटे भाग बोहऱ्याच्या दुकानात. घरी असता तर कुणी साबण लावून भागवलं नसतं. माझा कयास असा की हे काम परमुलखात झालं असावं. घरातले एक बुजुर्ग या स्टोव्हसह हजला गेले होते, एवढं घरचे सांगतात.

तेव्हाची वाट लांबची. वेंगुर्ल्याहून आगबोटीने मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मोगल लाइनच्या जहाजाने जेद्दाह. तिथे विकतचं खाणं परवडणारं नसे, म्हणून चार-सहा जणांनी एकाच स्टोव्हवर भात शिजवायचा. ज्याचा स्टोव्ह त्याच्याभोवती टोळी जमायची. जात, हुद्दा, गावकी सगळं त्या भाताच्या टोपापाशी विसरलं जाई, असं आमचे म्हातारे सांगत. मी त्यातलं निम्मं खरं धरतो. भातावरून भांडणंही झालीच असणार.

भारतातून हजला जाणारी जहाजं 1995 मध्ये बंद झाली. त्यानंतर 15 एप्रिल 1997 ला मिनात तंबूंना आग लागली, 343 हाजी गेले, हजारो तंबू जळाले. आगीचं कारण स्वयंपाकाचा गॅस होता, असं सांगितलं गेलं. पुढे तिथे आग न धरणारे तंबू आले आणि तंबूत चूल पेटवायला बंदी झाली. हे योग्यच झालं. आज हाजींच्या सामानात स्टोव्ह आणि घासलेट दोन्ही चालत नाही.

बांद्याच्या स्टोव्हला मी शिशाची वॉशर बसवली. ज्योत आधी पिवळी फडफडली, निपल पिनने साफ केल्यावर निळी झाली. जुना सुताचा दोरा फेकला नाही. कागदाच्या पुडीत बांधून त्याच डब्यात ठेवला आहे.