उष्म्याने उठणारे पित्त

शरीर आतून तापले की अंगावर बारीक, खाजऱ्या गांधी उठण्याचा विकार. वैद्यकात याला कोलिनर्जिक अर्टिकॅरिया म्हणतात. अमेरिकी डॉक्टर विल्यम ड्यूक यांनी १९२४ मध्ये उष्णतेने उठणाऱ्या पित्ताचे वर्णन केले. १९३६ मध्ये ग्रँट, पिअर्सन आणि कोमो यांनी श्रम, भावनावेग आणि ऊब या तिन्हींनी उठणाऱ्या पित्तामागे ॲसिटिलकोलिन हे चेतारसायन असल्याचे मांडले. हा विकार तरुण वयात अधिक आढळतो. जर्मनीत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४९३ तरुणांपैकी ११.२ टक्क्यांना तो होता, बहुतेकांना सौम्य.

आधी कातडीवर सुया टोचल्यासारखे वाटते. मग मानेवर, छातीवर, पाठीवर एक ते तीन मिलिमीटरच्या, राईच्या दाण्याएवढ्या गांधी येतात. प्रत्येकीभोवती लाल कडे असते आणि कडी एकमेकांत मिसळली की सगळी कातडी लालभडक दिसते. तळहात, तळपाय आणि काखा बहुधा सुटतात. बऱ्याचदा तासाभरात सारे डाग न ठेवता विरते. म्हणूनच दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दाखवायला काही उरत नाही आणि रुग्णाचे बोलणे उडवून लावले जाते. गांधी असतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

खरे कारण ऊन नव्हे, अंगातले तापमान वाढणे हे आहे. शरीर घाम आणू लागते तेव्हा त्वचेतील मास्ट पेशींमधून हिस्टामीन सुटते. काही रुग्णांना स्वतःच्याच घामाची ॲलर्जी असते. त्वचेवर राहणाऱ्या मॅलासेझिया बुरशीचे एक प्रथिन त्यास कारण ठरते, असे हिरोशिमाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले.

रायगड जिल्ह्यातील कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीतील दहिवलीसारख्या ठिकाणी हा फरक नीट समजून घ्यावा लागतो. बोरघाटाच्या पायथ्याच्या या पट्ट्यात मार्च ते मे पारा चाळिशी गाठतो. रायगडातीलच भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली होती. त्यामुळे हा उन्हाळ्याचाच आजार, असा सहज समज होतो. पण पुष्कळ रुग्णांना थंडीतच जास्त त्रास होतो. थंडीत घाम कमी येतो, आणि मुंबईची पहाटेची लोकल पकडायला स्वेटर घालून धावत जिना चढले की डब्यात शिरेपर्यंत मान पेटलेली असते. भातलावणीत वरून पाऊस असतानाही प्लास्टिकच्या कागदाखाली अंग तापते. हळदीच्या रात्रीचा नाच, मटणाचा झणझणीत रस्सा, कढत पाण्याची आंघोळ, परीक्षेची धास्ती, भांडण, यांपैकी काहीही पुरते.

घामोळे आणि हे पित्त वेगळे. घामोळ्यात घामाची छिद्रे बंद होतात, पुरळ दिवसेंदिवस राहते. निदानासाठी डॉक्टर सायकल चालवायला लावतात किंवा ४२ अंशांच्या पाण्यात बसवून गांधी उठतात का ते पाहतात. ही चाचणी घरी करू नये.

कोकणात पित्त उठले की आमसुले भिजवलेले पाणी अंगाला लावतात. त्याने कातडीला थंडावा मिळतो, खाज शमते, म्हणून लावायला हरकत नाही. मात्र पुढचा उठाव त्याने टळत नाही. काही घरांत घोंगडी पांघरून झोपवतात. या प्रकारात ते उलटे पडते, कारण अंग आणखी तापते. सैल सुती कपडे, कोमट किंवा गार पाणी, ओला पंचा, पंखा आणि कामाच्या मधे सावलीतली विश्रांती हेच उपयोगी.

औषधांत पहिला मान सेटिरिझीन, लेव्होसेटिरिझीन, फेक्सोफेनाडीन, बिलास्टीन यांसारख्या नव्या अँटिहिस्टामीनांना. त्रास वारंवार होत असेल तर गांधी उठण्याची वाट न पाहता ती रोज घ्यावी लागतात. गुण न आल्यास डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत वाढवतात, स्वतःच्या मनाने वाढवू नये. क्लोरफेनिरामीनसारख्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. खोपोलीच्या कारखान्यात यंत्रावर उभे राहणाऱ्याला किंवा कर्जत-चौक रस्त्याने रात्री मोटारसायकल चालवणाऱ्याला त्या धोक्याच्या. मात्रा वाढवूनही त्रास आटोक्यात न आल्यास त्वचारोगतज्ज्ञ ओमॅलिझुमॅब इंजेक्शनचा विचार करतात, पण ते महाग आहे.

एकदा जोरात गांधी उठून गेल्या की पुढे काही तास, कधी दिवसभर, त्या पुन्हा उठत नाहीत. याचा फायदा घेऊन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडा थोडा व्यायाम वाढवत घाम येण्याची सवय लावता येते. भीतीने खेळ, शेतकाम, चालणे सोडून देणे हा मात्र चुकीचा मार्ग वाटतो. तरुण मुले याच भीतीने मैदान सोडतात, आणि घरचे त्याला नाजूकपणा समजतात. त्रास अनेक वर्षे चालतो, पुढे बहुतेकांत ओसरत जातो.

काही रुग्णांना घामच फार कमी येतो. त्यांना उष्माघाताचा धोका अधिक, म्हणून भर उन्हातले काम त्यांनी टाळावे आणि शाळेत, कामावर तसे सांगून ठेवावे. गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजणे, धाप लागणे, घशात घरघर, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली तर तो तीव्र ॲलर्जीचा झटका असतो. त्यावर मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार. रुग्णाला आडवे झोपवावे, धाप असल्यास टेकून बसवावे, उभे करू नये आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गांधी विरल्या तरी रुग्णालयात नेणे टाळू नये. काही वेळाने झटका पुन्हा उलटू शकतो.