तंजावरची गाऱ्हाणी आणि मद्रासचे कायदेमंडळ

प्रस्तावना

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. आपण पाहणार आहोत ते राज्य गेल्यानंतरचे तंजावर. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रवारसाशिवाय वारले आणि उरलेली गादीही खालसा झाली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मात्र हे सार्वभौम सत्तेचे कृत्य आहे, न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा निकाल १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दिला. राणीचीच ही गत, तर सारा भरणाऱ्या शेतकऱ्याने गाऱ्हाणे न्यायचे कोठे? पुढच्या काळात त्याचे एक उत्तर ‘मद्रासच्या कायदेमंडळात’ असे मिळू लागले. तेथे गाऱ्हाणे ऐकले जाई. पण त्यावर निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

कायदेमंडळाचे अधिकार : चार टप्पे

१८६१ च्या कायद्याने गव्हर्नरच्या मंडळात काही जादा सभासद आले. त्यांनी समोर आलेल्या विधेयकावर बोलायचे, एवढेच त्यांचे काम. १८९२ मध्ये प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा मिळाली. मतदान मात्र नव्हते. उत्तर अपुरे वाटले तरी पुरवणी प्रश्न विचारता येत नसे. १९०९ मध्ये पुरवणी प्रश्न आणि ठराव आले. ठराव संमत झाला तरी तो शिफारसच राही. १९१९ च्या कायद्याने खर्चाच्या मागण्यांवर मतदान आले आणि मद्रास कायदेमंडळात ९८ निर्वाचित सभासद बसू लागले.

या शेवटच्या टप्प्यातील मेख नीट समजून घ्या. द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती मंत्र्यांकडे होती. जमीनमहसूल, पाटबंधारे, पोलीस ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. राखीव खात्याची रक्कम सभागृहाने नामंजूर केली, तरी ती आवश्यक असल्याचे प्रमाणित करून गव्हर्नर ती पुन्हा घालू शके.

तंजावरचा प्रश्न : पाणी आणि सारा

तंजावर जिल्हा कावेरीच्या मुखाकडील भातशेतीचा मुलूख. येथील गाऱ्हाणी मुख्यतः दोन : कालव्याला पाणी वेळेवर मिळेल का, आणि जमिनीवर सारा किती बसेल? ही दोन्ही खाती राखीव होती. म्हणजे जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचे जे विषय, तेच लोकनियुक्त मंत्र्यांच्या हाताबाहेर होते.

१८९० च्या दशकातील तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत १९२० च्या दशकात संपली. फेरआकारणीत सारा वाढणार म्हणून मिरासदारांनी विरोध केला आणि तो कायदेमंडळातही उमटला. सभासद बोलले, पण महसूल खाते त्यांना उत्तरदायी नव्हते. त्यातच १९२४ च्या जुलैमध्ये कावेरीला मोठा पूर आला. त्याच वर्षी मद्रास व म्हैसूर यांच्यात कावेरीच्या पाण्याचा करार झाला, १९२५ मध्ये मेट्टूर धरणाचे काम सुरू झाले आणि १९३४ मध्ये धरण पुरे झाले. ते धरण तंजावरपासून दूर, सेलम जिल्ह्यात असले तरी खालच्या मुलखातील पाण्याची शाश्वती त्यावर अवलंबून होती.

पैसा कोठे जात होता?

मंत्र्यांकडे खाती होती, तरी तिजोरी मोकळी नव्हती. मेस्टन समितीच्या निवाड्याप्रमाणे प्रांतांनी केंद्राला वर्षाला एकूण ९८३ लाख रुपये द्यायचे होते. त्यांपैकी ३४८ लाख एकट्या मद्रासवर पडले. मुंबईवर ५६ लाख. शाळा, दवाखाने आणि विहिरींसाठी पैसा मागताना मद्रासच्या सभासदांच्या मनात हा आकडा सलत असे. १९२० च्या दशकाअखेर हा बोजा उतरला; पण द्विदल पद्धतीची बरीच वर्षे तोवर सरली होती.

याउलट एक स्थानिक उदाहरण पाहा. तंजावरच्या जिल्हा बोर्डाने जमिनीवर उपकर बसवून स्वतःचा लोहमार्ग उभारला. मायावरम ते मुत्तुपेट ही गाडी १८९४ मध्ये सुरू झाली. म्हणजे जिल्हा सरकारी सारा भरत होताच, शिवाय आपल्या सोयीसाठी वेगळा पैसाही देत होता. अशा जिल्ह्याने खर्चाचा हिशेब मागावा, यात नवल नाही.

कोणाचे गाऱ्हाणे नोंदले गेले नाही?

येथे थांबून एक प्रश्न विचारा : तंजावर ‘बोलते’ तेव्हा बोलते कोण? मताधिकार मालमत्तेवर व करावर आधारलेला होता. तंजावरचा मिरासदार म्हणजे गावच्या जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला मालक. तो बहुधा स्वतः नांगर धरत नसे. चिखलात राबणारा पन्नैयाळ, म्हणजे सालाने बांधलेला शेतमजूर, बहुतेक दलित जातींतील होता. त्याच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून मतही नव्हते. एम. सी. राजा यांच्यासारखे दलित प्रतिनिधी सभागृहात होते, पण सरकारनियुक्त म्हणून. त्यामुळे ‘साऱ्याने जिल्हा पिचला’ असे वाक्य वाचाल, तेव्हा ते मालकाचे वाक्य आहे हे ध्यानात ठेवा. ते खोटे नसेल, पण अपुरे आहे.

हा फरक पुढे स्पष्ट दिसला. प्रौढ मताधिकाराने पहिली विधानसभा निवडली गेली ते साल १९५२. त्याच साली, शेतमजुरांच्या अनेक वर्षांच्या लढ्यानंतर, तंजावरच्या कुळांना आणि पन्नैयाळांना संरक्षण देणारा वटहुकूम निघाला व पाठोपाठ कायदा झाला.

समारोप

कायदेमंडळाचे कामकाज वाचताना तीन गोष्टी तपासा : सभासदाला फक्त विचारता येत होते की मतही देता येत होते, विषय राखीव होता की सोपीव, आणि बोलणाऱ्याला निवडून देणारे कोण होते. छापील इतिवृत्तात गाऱ्हाणे सापडले, म्हणजे त्याचे निवारण झाले असे नव्हे. आणि सापडले नाही, म्हणजे ते नव्हतेच असेही नव्हे.

स्वाध्याय

१. १८९२ आणि १९१९ च्या कायद्यांनी खर्चावर दिलेल्या अधिकारांची तुलना करा.
२. पाटबंधारे हे खाते राखीव ठेवण्यामागे सरकारचे कोणते हितसंबंध असावेत?
३. आपल्या जिल्ह्यातील शेतमजुराचे १९२० च्या दशकातील गाऱ्हाणे कोणत्या साधनांतून शोधता येईल?