वॉटसन, फोर्ब्ज

वॉटसन, फोर्ब्ज : (१८७९–१९६०). अमेरिकन कलासमीक्षक, संपादक आणि १९३०च्या दशकातील सरकारी कलायोजनांचा सल्लागार. महामंदीच्या वर्षांत अमेरिकेच्या केंद्र सरकारने चित्रकार-शिल्पकारांना प्रथमच मोठ्या प्रमाणावर काम दिले. हे काम कोणाला द्यायचे, ज्याची चूल बंद पडली आहे त्याला की ज्याचा हात तयार आहे त्याला, हा प्रश्न तेव्हा रोजच्या कारभाराचा झाला होता. वॉटसन दुसऱ्या बाजूचा होता, आणि ती बाजू त्याने शासनाच्या कार्यपद्धतीत उतरवली.

वॉटसनचे शिक्षण हार्वर्डला झाले. १९१०च्या दशकात तो ‘न्यूयॉर्क ईव्हिनिंग पोस्ट’मध्ये आणि पुढे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये कलेवर लिहीत असे. त्याची पत्नी नॅन वॉटसन स्वतः चित्रकार होती. चित्र विकले गेले नाही तर घरात काय होते हे त्यामुळे त्याने जवळून पाहिले होते. हॅमिल्टन ईस्टर फील्डने सुरू केलेले ‘द आर्ट्‌स’ हे मासिक फील्डच्या मृत्यूनंतर बंद पडले होते. वॉटसनने १९२३ मध्ये ते पुन्हा सुरू केले. पैसा गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिट्नी हिचा होता, लॉइड गुडरिच हा तरुण लेखक संपादनात साथीला होता. अमेरिकेतले धनिक युरोपातली जुनी चित्रे वाटेल त्या किमतीला घेतात आणि आपल्याच शहरात राहणाऱ्या चित्रकाराकडे पाहतही नाहीत, हे वॉटसन या मासिकातून सतत सांगत राहिला. अकादमीच्या परीक्षक मंडळांवरही त्याने कठोर टीका केली, कारण ती मंडळे आपल्याच माणसांना पुढे आणत. मंदीच्या तडाख्यात १९३१ मध्ये मासिक थांबले.

मे १९३३ मध्ये चित्रकार जॉर्ज बिडल याने आपला शाळासोबती, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. मेक्सिकोच्या सरकारने तरुण चित्रकारांकडून सार्वजनिक भिंती रंगवून घेतल्या, तसे अमेरिकेतही व्हावे, अशी सूचना त्यात होती. त्यातून झालेल्या हालचालींना अर्थखात्यातील एडवर्ड ब्रूस याने आकार दिला. वकिली आणि व्यापार सोडून ब्रूस चित्रकलेकडे वळला होता. ८ डिसेंबर १९३३ रोजी त्याच्या वॉशिंग्टनमधील घरी संग्रहालयांचे संचालक जमले, एलिनॉर रूझवेल्टही हजर होत्या, आणि ‘पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट’ ही योजना मार्गी लागली. ब्रूस तिचा प्रमुख आणि वॉटसन तांत्रिक संचालक झाला. देशाचे १६ विभाग पाडून प्रत्येक ठिकाणी जाणकारांची समिती नेमली गेली. न्यूयॉर्कच्या समितीचे नेतृत्व व्हिट्नी संग्रहालयाच्या ज्युलियाना फोर्सकडे होते. पैसा बेकारांना काम देणाऱ्या खात्याचा होता, पण निवड कामाच्या दर्जावर व्हावी असा ब्रूस आणि वॉटसन या दोघांचा आग्रह होता. म्हणून मोबदलाही कुशल कारागिराचा ठरला : आठवड्याला २६.५० ते ४२.५० डॉलर. चित्राचा विषय अमेरिकेतल्या जीवनातून घ्यावा एवढीच सूचना होती. जून १९३४ पर्यंत सुमारे ३,७०० कलावंतांनी १५ हजारांहून अधिक कामे पूर्ण केली. खर्च १३ लाख डॉलरच्या आसपास आला. इतक्या कमी पैशात इतक्या थोड्या काळात सरकारच्या पदरी एवढी कला क्वचितच पडली असेल. लिली फुरेडीचे ‘सबवे’ हे भुयारी रेल्वेतल्या उतारूंचे चित्र आजही ताजे वाटते.

एप्रिल १९३४ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनात यांतील सुमारे ५०० कामांचे प्रदर्शन भरले. रूझवेल्ट दांपत्याने तिथून काही चित्रे व्हाइट हाउससाठी निवडली. याच वेळी योजनेच्या मर्यादाही दिसल्या. सुट्टीवर आलेल्या नौसैनिकांचा धिंगाणा दाखवणारे पॉल कॅडमसचे ‘द फ्लीट्स इन!’ हे चित्र एका निवृत्त नौसेनाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून प्रदर्शनातून काढले गेले. पैसा सरकारचा असला की चित्राला समीक्षकाच्या नजरेपलीकडचेही मालक असतात, हे तिथे उघड झाले.

ऑक्टोबर १९३४ मध्ये अर्थखात्यात ‘चित्र व शिल्प विभाग’ स्थापन झाला. ब्रूस, एडवर्ड रोवन आणि वॉटसन हे तिघे त्याचा कारभार पाहत. वॉटसनचे महत्त्वाचे काम येथलेच. नव्या सरकारी इमारतीच्या खर्चातला साधारण एक टक्का कलेसाठी राखायचा, आणि काम स्पर्धेतून द्यायचे, असे ठरले. स्पर्धकाच्या आराखड्यावर सही नसे, नाव बंद पाकिटात असे. परीक्षकांनी नाव न पाहता चित्र पाहावे हा वॉटसनचा जुना हट्ट आता सरकारी नियम झाला. मोठ्या स्पर्धेत हरलेल्या पण चांगल्या आराखड्याला एखाद्या लहान गावच्या पोस्टाची भिंत मिळे, बहुधा पोस्टमास्तरच्या दारावरची. अशा रीतीने देशभरातल्या हजाराहून अधिक इमारतींत भित्तिचित्रे व शिल्पे बसली. काम मिळालेल्या सुमारे साडेआठशे कलावंतांत दीडशेहून अधिक स्त्रिया होत्या. त्या काळातल्या खासगी कलादालनांच्या मानाने हे प्रमाण मोठे होते. १९३९च्या ‘४८ राज्ये’ स्पर्धेत प्रत्येक राज्यातल्या एका पोस्टासाठी मिळून सुमारे दीड हजार आराखडे आले.

विभागाचे वार्तापत्र वॉटसन संपादित करी. स्पर्धांच्या घोषणा, अटी आणि निकाल त्यात छापले जात. दूरच्या गावात एकट्याने काम करणाऱ्या चित्रकारालाही त्यामुळे न्यूयॉर्कच्या चित्रकाराइतकीच माहिती मिळे. ब्रूसबरोबर त्याने ‘आर्ट इन फेडरल बिल्डिंग्ज’ हे पुस्तक (१९३६) केले.

या पद्धतीवर टीकाही झाली, आणि ती अनाठायी नव्हती. निवड झाल्यावरही विभाग आराखड्यांत बदल सुचवी. गावकऱ्यांनी नाक मुरडले तर ते बदल वाढत. अमूर्त चित्रकाराला येथे जवळपास वाव नव्हता. वॉटसनची आवड वास्तव चित्रणाची होती, आणि दर्जाच्या नावाखाली ती आवडच नियम बनली. ऑगस्ट १९३५ पासून होल्गर केहिलच्या नेतृत्वाखाली चाललेला ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ गरजेवर बेतलेला होता. तिथे हजारो कलावंतांना वेतन मिळाले, आणि अमूर्त प्रयोगांनाही जागा होती. एकेकाळी परीक्षक मंडळांचा विरोधक असलेला वॉटसन स्वतःच परीक्षकांची व्यवस्था लावत होता, आणि तिच्यावर ‘द आर्ट्‌स’मधल्या धारेने लिहिणारा वॉटसन मात्र उरला नव्हता. त्याच्या कारकिर्दीतले हे खरे नुकसान. तरीही पाकीटबंद नावाची रीत त्या काळातल्या दुसऱ्या कोणत्याही व्यवस्थेपेक्षा न्याय्य होती.

ब्रूस १९४३ मध्ये वारला आणि त्याच वर्षी विभागही बंद झाला. युद्धकाळात वॉटसन अर्थखात्यातच युद्धकर्जरोख्यांच्या प्रचारासाठी कलाप्रदर्शने आखत होता. त्याचा जुना सहकारी गुडरिच पुढे व्हिट्नी संग्रहालयाचा संचालक झाला. सरकार आणि कला यांच्या संबंधांचा विचार करणाऱ्या कलासंस्थांच्या समितीचे नेतृत्वही त्याने बराच काळ केले.