चेशायर, लेनर्ड

(७ सप्टेंबर १९१७ – ३१ जुलै १९९२). दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बाँबफेकी वैमानिक, ६१७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे प्रमुख आणि व्हिक्टोरिया क्रॉस या सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदकाचे मानकरी. पूर्ण नाव जेफ्री लेनर्ड चेशायर. रात्रीच्या हल्ल्यात जमिनीलगत उडून लक्ष्यावर खूण करण्याचे तंत्र त्यांनी रुजवले. युद्धानंतर अपंग व असाध्य रुग्णांसाठी त्यांनी उभारलेल्या ‘चेशायर होम’ या संस्थेमुळे त्यांचे नाव भारतातही परिचित झाले.

पूर्वायुष्य : चेशायर यांचा जन्म इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला आणि बालपण ऑक्सफर्डमध्ये गेले. वडील जेफ्री शेव्हलियर चेशायर हे ऑक्सफर्डमधील नामवंत कायदेपंडित होते. ड्रॅगन स्कूल आणि स्टो या शाळांनंतर चेशायर यांनी ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात कायद्याचा अभ्यास केला आणि १९३९ मध्ये द्वितीय श्रेणीत पदवी मिळवली. अभ्यासापेक्षा वेगवान मोटारींकडेच त्यांचा ओढा अधिक होता. विद्यापीठाच्या हवाई तुकडीत ते विमान चालवायला शिकले. नोव्हेंबर १९३७ मध्ये त्यांना रॉयल एअर फोर्सच्या राखीव दलात अधिकारपद मिळाले आणि युद्ध सुरू होताच ते नियमित सेवेत दाखल झाले.

व्हिटली विमानांवरील पहिली फेरी : जून १९४० मध्ये त्यांची नेमणूक यॉर्कशरमधील ड्रिफील्ड तळावर, १०२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये झाली. या स्क्वॉड्रनकडे दोन इंजिनांची संथ व्हिटली विमाने होती. आरंभी ते ‘लॉफ्टी’ लाँग या न्यूझीलंडच्या वैमानिकाचे सहवैमानिक होते. विमानातील प्रत्येकाचे काम वैमानिकाला ठाऊक असले पाहिजे, अंधारातही प्रत्येक कळ हाताला सापडली पाहिजे, ही शिस्त त्यांच्या अंगी या काळात बाणली.

१२ नोव्हेंबर १९४० च्या रात्री ते जर्मनीतील कोलोनजवळच्या वेसेलिंग येथील तेलशुद्धीकरण कारखान्यावर निघाले होते. ढगांमुळे लक्ष्य दिसेना, म्हणून त्यांनी विमान कोलोनच्या रेल्वे यार्डाकडे वळवले. तिथे विमानविरोधी तोफेचा गोळा विमानाजवळ फुटला. पाठोपाठ दुसऱ्या स्फोटाने विमानातील प्रकाशनळा आतच पेटला. त्या धडाक्याने विमानाच्या कुशीला मोठे भगदाड पडले, आतील भागाला आग लागली आणि बिनतारी यंत्रचालक डेव्हिडसन गंभीर भाजला. वैमानिककक्ष धुराने भरला, विमान खाली कोसळू लागले. चेशायर यांनी ते सावरले, सहकाऱ्यांनी आग विझवली, आणि जवळजवळ एक बाजू उघडी पडलेले ते विमान साडेआठ तासांच्या उड्डाणानंतर लिंटन-ऑन-ऊझच्या तळावर उतरले. या कामगिरीबद्दल त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ (डीएसओ) मिळाली. इतक्या कनिष्ठ अधिकाऱ्याला हा सन्मान क्वचितच दिला जाई.

हॅलिफॅक्सचा काळ : रॉयल एअर फोर्सच्या बाँबर कमांडमध्ये तीस हल्ल्यांची एक फेरी पुरी केली की वैमानिकाला प्रत्यक्ष लढाईतून काही काळ सुटी मिळे. चेशायर यांनी ती न घेता जानेवारी १९४१ मध्ये लगेच दुसरी फेरी मागून घेतली आणि चार इंजिनांची नवी हॅलिफॅक्स विमाने मिळालेल्या ३५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये ते रुजू झाले. त्याच वर्षी त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ (डीएफसी) आणि डीएसओचा पहिला बार, म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा, मिळाला. त्यांचे धाकटे बंधू ख्रिस्तोफर हेही बाँबफेकी वैमानिक होते. ऑगस्ट १९४१ मध्ये बर्लिनवरील हल्ल्यात त्यांचे विमान पडले आणि उरलेले युद्ध त्यांनी जर्मन कैदेत काढले.

ऑगस्ट १९४२ मध्ये चेशायर यांच्याकडे ७६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे नेतृत्व आले. हॅलिफॅक्स विमाने मोठ्या संख्येने पडत होती. त्याचे एक कारण विमानातच होते, हे त्यांनी हेरले. नाकावरचा व पाठीवरचा तोफबुरूज आणि एंजिनाच्या धुरांड्यांवरची आवरणे यांमुळे विमान जड व मंद होत होते. तोफांनी जितके संरक्षण मिळते, त्याहून अधिक वेग आणि उंची वाढल्याने मिळेल, असा हिशेब मांडून त्यांनी हे भाग काढून टाकायला लावले. जोराने सुकाणू दाबल्यास विमान ताब्याबाहेर जाण्याचा दोष हॅलिफॅक्समध्ये होता. त्याचाही पाठपुरावा त्यांनी वरपर्यंत केला.

प्रमुख म्हणून ते दिलदार होते, पण मऊ नव्हते. स्क्वॉड्रनमधील यांत्रिकांपासून स्वयंपाक्यांपर्यंत माणसे ते नावानिशी ओळखत. नव्या, कच्च्या वैमानिकांबरोबर ते स्वतः सहवैमानिक म्हणून जात. मात्र उड्डाणाला नकार देणाऱ्याला ते तत्काळ स्क्वॉड्रनबाहेर पाठवत. एकाची भीती इतरांत पसरेल, ही त्यांची धारणा होती. या कठोरपणावर पुढे टीकाही झाली. याच काळातील अनुभवांवर आधारलेले त्यांचे ‘बाँबर पायलट’ हे पुस्तक १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांना डीएसओचा दुसरा बार मिळाला. १ एप्रिल १९४३ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते ग्रुप कॅप्टन झाले. त्या वेळी हवाई दलातील ते सर्वांत तरुण ग्रुप कॅप्टन होते. मार्स्टन मूर येथील प्रशिक्षण तळाचे प्रमुखपद त्यांना देण्यात आले. कार्यालयीन कामाला कंटाळून त्यांनी पुन्हा लढाऊ नेमणूक मागितली आणि त्यासाठी एक हुद्दा खाली उतरून विंग कमांडर होणे पत्करले.

६१७ क्रमांकाचे स्क्वॉड्रन : या स्क्वॉड्रनने गाय गिब्सन यांच्या नेतृत्वाखाली मे १९४३ मध्ये रूर खोऱ्यातील धरणे फोडली होती. त्या हल्ल्यात गेलेल्या १९ पैकी ८ विमाने परतली नाहीत. सप्टेंबरमध्ये डोर्टमुंड-एम्स कालव्यावरील हल्ल्यात आठपैकी पाच विमाने पडली आणि गिब्सन यांचे वारस जॉर्ज होल्डन मारले गेले. अशा पोळलेल्या, पण निवडक वैमानिकांच्या तुकडीचे प्रमुखपद चेशायर यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये स्वीकारले. मिकी मार्टिन, डेव्हिड शॅनन, लेस मन्रो आणि जो मॅकार्थी हे धरण मोहिमेतील वैमानिक त्यांच्या हाताखाली होते. जानेवारी १९४४ पासून स्क्वॉड्रनचा मुक्काम लिंकनशरमधील वुडहॉल स्पा येथे होता.

त्या वेळचा मुख्य प्रश्न अचूकतेचा होता. १९४१ च्या बट अहवालाने दाखवून दिले होते, की लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम तृतीयांश विमानांचे बाँब लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पडत. त्यावर उपाय म्हणून ‘पाथफाइंडर’ दल स्थापन झाले. ते बरेच उंचावरून रंगीत प्रकाशखुणा टाके आणि मागची विमाने त्या खुणांवर बाँब टाकत. संपूर्ण शहर हे लक्ष्य असले, तर एवढे पुरे होई. वस्तीला खेटून असलेल्या एकट्या कारखान्यासाठी ते निरुपयोगी होते. खूण करणाऱ्या विमानाने अगदी खाली, इमारती ओळखता येतील इतके खाली यावे, असे चेशायर आणि मार्टिन यांचे म्हणणे होते. पाथफाइंडर दलाचे प्रमुख डॉन बेनेट यांना ही पद्धत मान्य नव्हती. हे स्क्वॉड्रन ज्यात होते त्या पाचव्या ग्रुपचे प्रमुख राल्फ कॉक्रेन मात्र चेशायर यांच्या पाठीशी उभे राहिले.

८ फेब्रुवारी १९४४ ची रात्र या तंत्राची कसोटी ठरली. लक्ष्य होते जर्मनव्याप्त फ्रान्समधील लिमोझ शहरातील नोम-रोन कंपनीचा विमान-एंजिनांचा कारखाना. तिथे रात्रपाळीला शेकडो फ्रेंच स्त्रिया कामाला होत्या आणि भोवती कामगारांची वस्ती होती. बारा लँकेस्टर विमाने पोहोचली तेव्हा कारखान्यातले दिवे चालू होते. चेशायर यांनी चार इंजिनांचे आपले अजस्र लँकेस्टर छपरांवरून, अवघ्या शंभर फुटांच्या आसपास, तीनदा घोंगावत नेले. दिवे मालवले गेले, स्त्रिया बाहेर पळून आडोशाला गेल्या. चौथ्या फेरीत त्यांनी कारखान्याच्या मधोमध आगलावे बाँब टाकले. त्या उजेडावर मागच्या विमानांनी १२,००० पौंडी बाँब टाकले आणि कारखाना उद्ध्वस्त झाला. वस्तीला फारशी झळ लागली नाही. शत्रूला सावध करण्याचा धोका पत्करून कामगारांना पळायला वेळ देणे, हे त्या युद्धात अपवादानेच घडले.

हे तंत्र सगळीकडे चालले नाही. चारच दिवसांनी दक्षिण फ्रान्समधील आंतेओर येथील रेल्वे-पुलावर खूण करताना तोफांचा मारा इतका होता, की चेशायर आणि मार्टिन दोघांनाही यश आले नाही. मार्टिन यांच्या विमानातील बॉब हे हा बाँबनेमक मारला गेला. या कामाला लँकेस्टर फार मोठे आणि अवजड आहे, हे त्यातून उघड झाले. मग चेशायर यांनी दोन आसनी, लाकडी बांधणीचे चपळ मॉस्किटो विमान मागून घेतले. ५ एप्रिल १९४४ च्या रात्री तुलूझच्या विमान कारखान्यावर त्यांनी मॉस्किटोतून केलेली खूण इतकी अचूक ठरली, की बाँबर कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस यांनी पाचव्या ग्रुपला खुणा करणारी स्वतंत्र विमाने दिली.

२४ एप्रिलच्या रात्री म्यूनिक हे लक्ष्य होते. फ्रान्सच्या मानाने इथला बंदोबस्त फार कडक होता. मॉस्किटोंना एवढ्या अंतरासाठी जादा टाक्या मिळाल्या नव्हत्या. त्यामुळे इंधन जेमतेम पुरेल, हे ठाऊक असून चार मॉस्किटो निघाली. वरून पडणारे प्रकाशनळे आणि खालून प्रकाशझोत, अशा दुहेरी उजेडात चेशायर यांनी ७०० फुटांपर्यंत खाली येऊन खुणा टाकल्या. त्यानंतर शहराबाहेर पडेपर्यंत बारा मिनिटे त्यांच्यावर मारा चालू होता. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात या रात्रीचा उल्लेख आहे.

३ मेच्या रात्री माईयी-ल-कां या फ्रान्समधील जर्मन रणगाडा-तळावर झालेल्या हल्ल्यात मात्र खूण अचूक असूनही अनर्थ ओढवला. बिनतारी संदेशांत अडथळे आले, मुख्य ताफ्याला हल्ल्याचा हुकूम वेळेवर पोहोचला नाही, आणि घिरट्या घालत थांबलेल्या विमानांवर जर्मन लढाऊ विमाने तुटून पडली. ४२ लँकेस्टर विमाने पडली. तळ उद्ध्वस्त झाला, पण त्याची किंमत फार मोठी होती.

नॉर्मंडी आणि शेवटचे हल्ले : ६ जून १९४४ च्या पहाटे दोस्तसेना नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरत असताना ६१७ स्क्वॉड्रनने वेगळीच कामगिरी केली. सागरावर ठरलेल्या वर्तुळांत उडत आणि थोडे थोडे पुढे सरकत विमानांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सोडल्या. जर्मन रडारवर जहाजांचा मोठा काफिला कॅप दांतिफेरच्या दिशेने येत असल्याचा भास झाला. या कामात एकही बाँब टाकायचा नव्हता. वेळ आणि दिशा यांत तसूभरही चूक चालणार नव्हती.

दोनच दिवसांनी बार्न्झ वॉलिस यांनी रचलेला ‘टॉलबॉय’ हा १२,००० पौंडी, जमिनीत खोल घुसून फुटणारा बाँब प्रथमच वापरला गेला. लक्ष्य होते सोम्यूर येथील रेल्वेचा बोगदा. चेशायर यांनी खूण केली आणि एक बाँब डोंगरातून आरपार बोगद्यात जाऊन फुटला. त्या मार्गाने आघाडीवर जाणारी जर्मन रसद खोळंबली. १४ जून रोजी ल आव्हर बंदरातील जर्मन टॉर्पेडो नौकांवर दिवसाउजेडी हल्ला झाला. तेथेही चेशायर यांनी दाट तोफमाऱ्यातून खाली झेपावत खुणा टाकल्या.

त्यानंतर स्क्वॉड्रनला जर्मनीच्या ‘व्ही’ या लांब पल्ल्याच्या अस्त्रांच्या काँक्रीट तळांवरील हल्ल्यांना लावण्यात आले. २५ जूनला सिराकूर येथील तळासाठी चेशायर यांनी नुकतेच हाती आलेले अमेरिकी मस्टँग विमान निवडले. हे एकआसनी विमान त्यांनी याआधी कधी चालवले नव्हते. त्यांनी पहिलेच उड्डाण थेट हल्ल्यासाठी केले, मार्ग स्वतःच शोधला, खूण केली आणि अंधार पडल्यावर सुखरूप उतरले. ६ जुलै १९४४ रोजी मिमोयेक येथील लांब पल्ल्याच्या तोफांच्या तळावरील हल्ला हा त्यांचा अखेरचा ठरला. हल्ल्यांची संख्या शंभरावर गेल्यामुळे कॉक्रेन यांनी त्यांना सक्तीने लढाईतून काढून घेतले. स्क्वॉड्रनचे नेतृत्व विली टेट यांच्याकडे गेले.

८ सप्टेंबर १९४४ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे पदक बहुधा एखाद्याच धाडसाबद्दल दिले जाते. चेशायर यांना ते चार वर्षे, शंभरावर हल्ल्यांत, सातत्याने दाखवलेल्या धैर्याबद्दल मिळाले, हे त्याचे वेगळेपण होय. बाँबर कमांडच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक-सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ जण युद्धात मारले गेले. त्या पार्श्वभूमीवर चार फेऱ्या करून जिवंत राहणे हीच दुर्मीळ गोष्ट होती.

नागासाकी व नंतर : १९४४ च्या उत्तरार्धात चेशायर यांची नेमणूक काही काळ आग्नेय आशियाच्या आघाडीवर, कलकत्त्यातील मुख्यालयात झाली. तेथून ते वॉशिंग्टनमधील ब्रिटिश लष्करी शिष्टमंडळात गेले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला, तेव्हा पदार्थवैज्ञानिक विल्यम पेनी यांच्यासह ते ब्रिटनचे निरीक्षक म्हणून एका बी-२९ विमानात होते. ठरलेल्या जागी विमानांची गाठ न पडल्यामुळे त्यांना स्फोट दुरूनच पाहावा लागला. अण्वस्त्रांमुळे मोठी युद्धे टळतील, अशी त्यांची पुढेही भूमिका राहिली. जानेवारी १९४६ मध्ये ते सेवेतून बाहेर पडले.

१९४८ मध्ये आर्थर डाइक्स या मरणोन्मुख माजी सैनिकाची त्यांनी हॅम्पशरमधील ल कोर्ट या आपल्या घरी शुश्रूषा केली. त्यातून चेशायर होमची चळवळ उभी राहिली. भारतातील पहिले केंद्र १९५६ मध्ये मुंबईत, अंधेरी येथे सुरू झाले. ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईच्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये त्यांचा समाजसेविका सू रायडर यांच्याशी विवाह झाला. त्यांना १९८१ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ आणि १९९१ मध्ये उमरावपद मिळाले.

मूल्यमापन : चेशायर यांचे खुणेचे तंत्र सर्वत्र लागू पडले नाही. कडक बंदोबस्ताच्या लक्ष्यांवर ते फार महाग पडे आणि माईयी-ल-कांसारख्या हल्ल्यात खूण अचूक असूनही मागच्या ताफ्याची मोठी हानी टळली नाही. तरीही छोट्या, नेमक्या लक्ष्यांसाठी ब्रिटिश बाँबफेकीला अचूकता देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्या अचूकतेसाठी लागणारा सर्वांत मोठा धोका प्रमुखाने स्वतः उचलावा, हा दंडक त्यांनी घालून दिला. त्यांचे निधन मज्जासंस्थेच्या असाध्य विकाराने, ३१ जुलै १९९२ रोजी झाले.