कमानींखालची वाट

एखाद्या नगराचा इतिहास जसा ग्रंथांत लिहिलेला असतो, तसाच तो त्याच्या रस्त्यांवरही लिहिलेला असतो. मात्र रस्त्यावरचा इतिहास वाचायचा तर पावलांची घाई थोडी आवरावी लागते आणि मान वर उचलावी लागते. मुंबईचा दादाभाई नवरोजी मार्ग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. महात्मा जोतिबा फुले मंडईपासून हुतात्मा चौकापर्यंतची ही जेमतेम दीड किलोमीटरची वाट. कचेरीच्या, खरेदीच्या वा कोर्टाच्या कामानिमित्त आपण ती अनेकदा तुडवली असेल. पण ती पाहिली आहे काय?

हा रस्ता जेथे आहे, तेथे एके काळी किल्ल्याचा तट होता. तटाबाहेरील मैदान तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे असावे, असा इंग्रजांचा आग्रह होता. त्यापायी अठराव्या शतकात मुंबादेवीचे मंदिर आणि एस्पेरान्सा मातेचे, म्हणजे आशेच्या मातेचे चर्च, या दोन्ही वास्तूंना आपली जुनी जागा सोडून भुलेश्वरच्या परिसरात जावे लागले. पुढे युद्धाचे भय ओसरले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा आला. दाटीवाटीच्या शहराला तट जाचू लागला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत (१८६२–६७) तो पाडण्यात आला आणि नव्या मुंबईला वाट मोकळी झाली. या रस्त्याला १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबी यांचे नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो रुंद करण्यात आला.

त्या वेळी, १८९६ साली, सरकारने एक नियम घालून दिला. या रस्त्यावर जो कोणी इमारत बांधील, त्याने तळमजल्याच्या दर्शनी बाजूस पादचाऱ्यांसाठी कमानींचा आच्छादित मार्ग ठेवलाच पाहिजे. वरचे मजले कोणत्या शैलीत बांधावेत, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडले होते. म्हणून येथे कोठे गोथिक पद्धतीच्या टोकदार कमानी आहेत, कोठे ग्रीक-रोमन धर्तीचे स्तंभ, तर कोठे घुमट आणि मिनार. एवढी विविधता असूनही रस्ता विस्कळीत वाटत नाही. कारण खालून सलग गेलेली कमानींची ओळ साऱ्यांना एका सूत्रात ओवते. मुंबईचे ऊन आणि मुंबईचा पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला या ओळीची किंमत वेगळी सांगावयास नको.

आता उत्तरेकडून चालत येऊ. आरंभीच विल्यम इमर्सन यांनी उभारलेली मंडई (१८६९) लागते. तिच्या दर्शनी भागावर शेतकऱ्यांची शिल्पे आहेत. ती लॉकवुड किपलिंग यांची. ज्या जे. जे. कलाशाळेत ते शिकवीत, ती पुढेच आहे. त्यानंतर अंजुमन-इ-इस्लामची १८९३ सालची घुमटाकार वास्तू आणि तिच्यासमोर बोरीबंदरचे भव्य स्थानक. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे त्याचे वास्तुशिल्पी. काम १८७८ साली सुरू झाले आणि दहा वर्षांनी पुरे झाले. स्टीव्हन्स यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्यांचे सहायक अभियंता सीताराम खंडेराव यांचे स्मरण क्वचितच होते. दगडात पाने, फुले, पक्षी आणि प्राणी फुलविणारे हात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे होते, हेही आपण विसरतो. आराखडा परदेशी असला, तरी घाम येथलाच होता. समोरची महापालिकेची इमारतही (१८९३) स्टीव्हन्स यांचीच.

पुढे वाच्छा अग्यारी (१८८१) आणि पेटिट ग्रंथालयाची १८९८ सालची वास्तू लागते. शेवटी फ्लोरा फाउंटन. हे कारंजे १८६४ सालचे. २०१९ साली त्याचे पुनरुज्जीवन झाले. त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण वेचणाऱ्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून जाऊन हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कैफियत मांडणारे दादाभाईही पुतळ्याच्या रूपाने येथेच विराजमान आहेत. ज्या सत्तेने हा रस्ता घडविला, तिचा हिशेब मागणाऱ्या पुरुषाचे नाव आज त्याला लाभले आहे, हे उचितच झाले.

असा हा वारसा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू झाकला गेला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना निवारा दिला. पण भाडी गोठल्यामुळे दुरुस्तीसाठी मालकांच्या हाती पैसा उरेना. दुकानांच्या अवाढव्य पाट्यांनी कमानी बुजल्या, वातानुकूलन यंत्रांनी कोरीव काम लपले. १९९५ साली मुंबईसाठी वारसा जतनाचे नियम लागू झाले. पाठोपाठ वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यासाठी मार्गदर्शक सूत्रे तयार केली. दुकानाची पाटी कमानीच्या चौकटीत बसावी, नक्षी झाकू नये, असा त्यांचा साधा आशय होता. विशेष हे की, दुकानदार आणि रहिवासी यांनी एकत्र येऊन 'हेरिटेज माइल असोसिएशन' स्थापन केली. २००४ साली युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागाच्या वारसा पुरस्कारांत या प्रयत्नाचा गौरव केला. त्याच वर्षी समोरचे स्थानक जागतिक वारसा म्हणून घोषित झाले.

तरी प्रश्न संपलेले नाहीत. कमानींखाली पथारी मांडून पोट भरणारा विक्रेता आणि तेथून निर्वेधपणे चालू इच्छिणारा पादचारी, दोघांचाही हक्क खरा आहे. दगडाचे सौंदर्य राखताना माणसाची भाकर हिरावली जाऊ नये आणि भाकरीच्या नावाखाली वृद्धांची, अपंगांची वाटही अडू नये. हा तोल साधणे रंगरंगोटीहून कठीण आहे.

घुमट आणि मनोरे पाहून आपण दिपून जातो. परंतु या रस्त्याचे खरे वैभव, माझ्या मते, त्या सावलीच्या पट्ट्यात आहे. मुंबईत जागेची किंमत इंचाइंचाने मोजली जाते. अशा नगरीत प्रत्येक मालकाने आपल्या भूमीचा काही भाग अनोळखी वाटसरूसाठी मोकळा ठेवला. आरंभी तो कायद्याच्या धाकाने ठेवला असेल. पण त्या सावलीत शंभराहून अधिक वर्षे माणसे विसावली आहेत. आज आपल्या गावोगावी जुनी घरे पाडून नवे इमले उठत आहेत आणि भिंती थेट रस्त्याच्या कडेपर्यंत येऊन भिडत आहेत. घर बांधताना वाटसरूसाठी हातभर सावली राखावी, एवढे तरी आपण या जुन्या रस्त्याकडून शिकावयास हवे.