इच्छेवरी

झाडांच्या बाबतीत माझ्या हाताला गुण नाही, असं आमच्या घरात एकमतानं ठरलेलं आहे. माझ्या देखरेखीखाली दोन तुळशी आणि एक मोगरा हे सगळे अकाली गेले. तरीही दादा वारल्यावर पुतण्यानं त्यांच्या खिडकीतली एक कुंडी माझ्या हाती ठेवली आणि म्हणाला, “काका, ही तुम्हीच न्या.” नाही कसं म्हणणार?

दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. चौतीस वर्षं एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. बेडकाची पचनसंस्था, फुलाचे भाग, माणसाचा कान, असे शेकडो तक्ते त्यांनी रंगवले. एकाही तक्त्याखाली नाव घातलं नाही. विचारलं तर म्हणत, “अरे, मुलांना बेडूक कळला पाहिजे. तो कोणी काढला ते कळून काय करायचंय?” पुढे भिंतीवर पडदे आले आणि तक्ते रद्दीत गेले.

तर ती कुंडी. तळहाताएवढी. राखाडी-हिरव्या मांसल पानांची एकात एक बसलेली वर्तुळं, जणू कोणी दगडात कमळ कोरलंय. नर्सरीवाल्याला दाखवली. तो म्हणाला, “इच्छेवरिया!” घरी येईपर्यंत माझ्या तोंडी त्याचं ‘इच्छेवरी’ झालं. ही म्हणाली, “बरोबरच आहे. तुमच्या हाती आलीय म्हणजे जगायचं की नाही ते तिच्याच इच्छेवर.”

मी बंधुप्रेमानं रोज सकाळी तांब्याभर पाणी घालू लागलो. हिनंही हातभार लावला. पानांवर पांढरी भुकटी दिसली ती धूळ समजून ओल्या फडक्यानं पितळेच्या लोट्यासारखी पुसून काढली. ती भुकटी म्हणजे उन्हापासून बचावासाठी झाडानं स्वतःच अंगाला लावलेली पावडर, हे कळलं तेव्हा वेळ टळून गेली होती. आठवड्याभरात खालची पानं शिजलेल्या कांद्याच्या पाकळीसारखी पिवळी, पारदर्शक झाली. नर्सरीवाल्यानं बुंध्याशी बोट लावलं आणि विचारलं, “साहेब, पाणी घालताय की तर्पण करताय?”

त्या बिचाऱ्याला काय माहीत. मी गप्प बसलो.

मग त्यानं उपाय सांगितला. वरची धड पानं देठापासून अख्खी सोडवायची, दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यायची, मग वाळूमिश्रित मातीवर नुसती आडवी ठेवायची. पुरायची नाहीत. मुळं दिसेपर्यंत पाणी नाही. नऊ पानं निघाली.

पाणी नको म्हणजे काय, हे माझ्या गळी उतरेना. त्याचं उत्तर एका हिंडत्या साहेबानं दिलं. बेंजामिन हेन हा कंपनी सरकारच्या मद्रास इलाख्यातला वनस्पतीशास्त्रज्ञ. त्यानं पानफुटीची पानं दिवसातून तीनदा चावून पाहिली आणि 1813 सालच्या पत्रात लिहिलं, की ती सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडसर लागतात. पुढे उलगडा झाला तो असा. ही मंडळी दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात, रात्रीच्या गारव्यात उघडतात, तेव्हा आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपानं साठवतात आणि दिवसा दारं लावून उन्हात त्याचं अन्न शिजवतात. त्यामुळे पाणी उडून जात नाही. पानफुटी आणि इच्छेवरी एकाच कुळातल्या. मीही पहाटे शेजाऱ्यांच्या पानफुटीचं पान चावून थुंकलो. आंबट! शेजारी गॅलरीत उभे होते, हे नंतर लक्षात आलं.

मुळांची वाट बघता बघता नावाचा शोध घेतला आणि चाट पडलो. इच्छेवरी ही बाई नव्हेच. तो बुवा, आणि तोही चित्रकार! आतानासिओ एचेवेरिया. मेक्सिको शहरातल्या कलाशाळेत तयार झालेला पोरगा. स्पेनच्या राजानं 1787 मध्ये मेक्सिकोची झाडं, पशू, पक्षी नोंदवायला एक मोहीम काढली, मार्टिन सेसे तिचा प्रमुख. तिच्याबरोबर हा रानोमाळ हिंडत चित्रं काढत होता. मोहीम 1803 मध्ये आटोपली. चित्रं स्पेनला गेली आणि पडून राहिली. सरकारी काम!

सेसे वारला. त्याचा सहकारी मोसिन्यो फ्रेंचांच्या राजवटीत माद्रिदला नोकरी करून बसला होता. फ्रेंच हटले तसं त्याला 1812 मध्ये पळावं लागलं. थकलेला, डोळ्यांनी अधू माणूस. हातगाडीवर ही चित्रं घालून तिच्याबरोबर पायी निघाला, असं सांगतात. फ्रान्समध्ये माँपेलियेला त्यानं ती द कँदोल या थोर वनस्पतीशास्त्रज्ञाच्या स्वाधीन केली. द कँदोल ती घेऊन जिनिव्हाला गेला. 1817 मध्ये मोसिन्योला मायदेशी परतायची मुभा मिळाली आणि त्यानं चित्रं परत मागितली.

आता आली पंचाईत. द कँदोलनं गावात शब्द टाकला आणि जिनिव्हातल्या शंभरावर माणसांनी, त्यात बायका पुष्कळ, आठ-दहा दिवस घरची कामं टाकून शेकडो चित्रांच्या नकला केल्या. आमच्या आळीत गणपतीची आरास रात्रभर जागून होते ना, तसंच ते झालं असणार. मला इतिहासातल्या कुठल्याही लढाईपेक्षा हे दृश्य जास्त आवडतं.

मोसिन्यो 1820 मध्ये बार्सिलोनात वारला आणि मूळ चित्रं गडप झाली. दीडशेहून अधिक वर्षं! मग तिथल्याच एका घराण्याकडे सुमारे दोन हजार चित्रं निघाली. 1981 पासून ती अमेरिकेत पिट्सबर्गच्या हंट संस्थेत आहेत. दरम्यान 1828 मध्ये द कँदोलनं या दगडी कमळांना त्या चित्रकाराचं नाव देऊन टाकलं होतं. म्हणजे चित्रं कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हाही चित्रकाराचं नाव खिडक्याखिडक्यांतून ऊन खात बसलं होतं.

दादांना हे माहीत होतं का? विचारायला आता उशीर झाला.

तीन आठवडे झाले. नऊपैकी चार पानं वाळली. पाचांना गुलाबी मुळं फुटली आणि त्यांतल्या एकाच्या टोकाशी डाळीएवढं कमळ आलं. आई-पान हळूहळू सुरकुततंय, पिल्लाला पोसून. कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवलीय, सकाळचं ऊन भरपूर मिळतं. नर्सरीवाला म्हणतो, नावाची पट्टी लावा, नाहीतर घोटाळा होतो. दादांच्या कपाटातला सपाट ब्रश आणला, पट्टीवर ‘एचेवेरिया’ लिहिलं आणि खाली दादांचं नाव घातलं. संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. अक्षर जरा वाकडं आलं. त्यांनी पाहिलं असतं तर पुन्हा लिहायला लावलं असतं.

ही मागे येऊन उभी राहिली. पट्टी वाचली. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, “तांब्या खाली ठेवा.”