तुळसाबाईंचा वध

इंदूर होळकरांची राजधानी झाले ते १८१८ साली, मंदसोरच्या तहानंतर. त्या तहामागे एका राजस्त्रीचा वध आहे, याचे स्मरण वाचकांपैकी थोड्यांसच असेल.

१८११ मध्ये यशवंतराव निवर्तल्यावर अल्पवयी मल्हाररावांच्या नावाने तुळसाबाई कारभार पाहू लागल्या. त्यांनी प्रथम इंग्रजांचा आश्रय मिळावा म्हणून गुप्त बोलणे लावले. नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशव्यांनी शस्त्र उपसल्यावर होळकरांची फौज त्यांच्या साहाय्यास निघाली. पुढे माल्कम जवळ येताच तहाची बोलणी पुन्हा सुरू झाली. पगार थकलेली फौज व गफूरखानादी सरदार संतापले. त्यांनी बाईंस कैद करून, कसल्याही चौकशीवाचून, २० डिसेंबरला क्षिप्रातीरी त्यांचा शिरच्छेद केला. दुसऱ्याच दिवशी महिदपुरास त्या फौजेचा पराभव झाला.

६ जानेवारी १८१८ च्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला आणि राज्य इंग्रजांचे अंकित झाले. युद्धाचा आग्रह धरणाऱ्या गफूरखानास मात्र त्याच तहाने जावरा मिळाले!

अज्ञानाच्या पालकाने त्याच्या हितासाठी मत बदलणे हा गुन्हा नव्हे. परंतु ज्यांच्या तलवारीवर राज्य उभे, त्यांना अंधारात ठेवून ते बदलले, तर पालकाचा अधिकार कागदावरच उरतो. बाईंची चूक एवढीच. शिक्षा मात्र साऱ्या दौलतीस झाली.